अमावास्येचा कोपरा

"तुले इथी कोणी पाठवलं?"

मास्तरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी नेमणुकीचा हुकूम पुढे केला. त्यांनी तो वाचला, उजेडात धरला, उलटा करून त्याची कोरी बाजूही वाचली आणि परत दिला.

"हे झालं कागदावरचं. मी विचारून राह्यलो, खरं कोणी पाठवलं?"

मी सातारचा. साठ सालच्या आसपास नोकरीसाठी जयपूरला आलो तेव्हा माझ्याबरोबर एक वळकटी, एक नवी बायको आणि दोन वर्षांची उमेदवारी होती. उमेदवारी पार पडली तर सरकारी नोकरी कायम, नाहीतर परत गाडीत. आमचं खातं जुन्या पोथ्यांचे, चित्रांचे, शिलालेखांचे फोटो काढून ठेवत असे. साहेब वरच्या मजल्यावर बसत. खाली फोटो विभागात आम्ही तिघं, मास्तर, मी आणि शिपाई छोगाजी. मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते, पण सगळं ऑफिस त्यांना मास्टरजी म्हणे, म्हणून मी मास्तर म्हणू लागलो.

मूळचे ते अमरावतीकडचे. संस्थानी काळात कोणा काकाबरोबर जयपूरला आले आणि राहिले. तीस वर्षांत त्यांनी गाव सोडलं, मात्र वऱ्हाडी सोडली नाही. उंच, सडसडीत, औषधांनी नखं कायमची तपकिरी झालेली. बारा महिने अंगात बंद गळ्याचा कोट. मे महिन्यात जयपूरचे कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात, तेव्हाही तो कोट उतरत नसे. कारण त्याच्या आतल्या खिशात, फ्लॅनेलच्या पिशवीत, ती लेन्स असायची.

डार्करूममध्ये फोटो मोठा करायचं यंत्र असतं, एन्लार्जर. वर दिवा, त्याखाली निगेटिव्ह, त्याखाली लेन्स, आणि सगळ्यात खाली पाटावर पडलेलं चित्र. चित्र नेमकं उतरणं न उतरणं त्या लेन्सवर. आमची लेन्स लढाईच्या आधीची जर्मन होती. सरकारी दप्तरात तिची नोंद होती, पण ती सरकारची आहे हे मास्तरांना मान्य नसावं. संध्याकाळी ते ती काढून पिशवीत घालत आणि चांदपोलच्या आपल्या खोलीवर घेऊन जात.

मास्तर सगळ्यांवर संशय घेत, पण त्यात भेदभाव नसे. आमच्या मागच्या गल्लीत पिठाची चक्की होती. ती सुरू झाली की विजेचा दाब उतरे, एन्लार्जरचा दिवा मंद होई आणि प्रिंट फिकट येई. दुसरा कोणी विजेला शिव्या घालून गप्प बसला असता. मास्तरांचं म्हणणं, चक्कीवाला नेमका आपण प्रिंट काढायला बसलो की चक्की लावतो. त्यांनी छोगाजीला तीन दिवस चक्कीवर बसवून वेळा टिपून आणायला लावल्या. छोगाजीने येऊन सांगितलं, "मास्टरजी, गाहक आवै जद चक्की चालै छै." मास्तरांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. "ते बराबर आहे. पण गिऱ्हाईक कोण पाठवते?"

ओल्या प्रिंटकडे ते कधी बघत नसत. "ओल्या प्रिंटवर अन् गोड बोलणाऱ्यावर भरवसा ठेवू नोको," हे त्यांचं आवडतं वाक्य. प्रिंट रात्रभर दोरीवर वाळायची, सकाळी दहा वाजता व्हरांड्यात ऊन आलं की वाचायचं भिंग घेऊन ते तिची तपासणी करत. मी गोड बोलायचं तेव्हापासून सोडलं. तर म्हणाले, "आजकाल हा घुम्यावानी काहून राह्यते?"

पण या संशयाला त्यांनी एक शिस्त लावली होती, आणि तिच्यापुढे मी हात जोडायचो. दोन लेन्समधली चांगली कुठली हे ठरवायचं तर ते आधी दोन्हींवर काळा कागद गुंडाळत, नाव दिसू नये म्हणून. "नाव वाचलं की डोळा लाचार होते." मग त्यांना खोलीबाहेर पाठवून छोगाजीने हव्या त्या क्रमाने लेन्स बसवायच्या. प्रत्येकीतून एकाच निगेटिव्हची प्रिंट काढायची, प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलने खूण छोगाजी करणार, आणि सकाळी उन्हात मास्तर नुसत्या प्रिंटा बघून निवाडा देणार. किशनपोलचे स्टुडिओवाले आपल्या लेन्स त्यांच्याकडे पारखायला आणत. मास्तर त्यांना बाहेरच उभं करत, चहाही विचारत नसत.

एकदा दिल्लीचा एक विक्रेता तीन नव्या लेन्स घेऊन आला. एक विलायती, एक जर्मन, एक जपानी. त्या दिवसांत जपानी माल म्हणजे खेळण्यातला, अशी सगळ्यांची समजूत. आणि निवाड्यात पहिली आली ती जपानी. मास्तर पांढरे पडले. त्यांनी पुन्हा चाचणी लावली. पुन्हा तीच. मग काळा कागद बदलला, पाणी बदललं, मला आणि छोगाजीला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. चार वेळा तीच पहिली आली. तेव्हा त्यांनी साहेबांना अहवाल लिहिला, "दोन नंबरची लेन्स सर्वांत बरी. मला हे पटलेले नाही." खाली सही. मला त्या माणसाबद्दल खरी माया वाटली ती त्या दिवशी. मनाविरुद्ध निघालेला निकाल त्यांनी खोडला नव्हता.

त्यांचं ते चाचणीचं निगेटिव्ह म्हणजे पंचांगाचं पान होतं. बारीक टाइप, चारी कोपऱ्यांपर्यंत भरलेले आकडे. लेन्स कच्ची असेल तर पहिल्यांदा कोपरा बोंबलतो, म्हणून पंचांग. मास्तरांचा पंचांगावर काडीचा विश्वास नव्हता, पण वीस वर्षं ते त्याच पानावर काम करत होते. वद्य पक्षाचं पान, खाली डाव्या कोपऱ्यात शेवटची ओळ अमावास्येची. घटी एकेचाळीस, पळं नऊ. दर महिन्याच्या एक तारखेला ते आपल्या लेन्सची एक प्रिंट काढत, आपली वस्तू अजून आपलीच आहे ना हे बघायला. एन्लार्जरचं चाक फिरवत फिरवत, पाटावर नाक टेकेल इतकं वाकून, तो कोपरा मोठ्याने वाचत. "अमावास्या. घटी एकेचाळीस. पळं नऊ." एवढं वाचता आलं की चित्र नेमकं बसलं असं समजून चाक सोडत.

माझ्या दुसऱ्या वर्षी एप्रिलच्या दोन तारखेला मास्तर व्हरांड्यात फार वेळ उभे राहिले. त्यांनी पेटीतून मागच्या वर्षीची प्रिंट काढली, दोन्ही शेजारी धरल्या आणि मला बोलावलं.

"पाय."

मी भिंगातून बघितलं. नवी प्रिंट उघड उघड मऊ होती. नऊचा आकडा शून्यासारखा दिसत होता.

"लेन्स बदलली," मास्तर म्हणाले. "माहीवाली लेन्स कोणीतरी नेली अन् हे दुसरी ठेवली."

मी म्हटलं, "मास्तर, लेन्स तुमच्या खिशात असते. शिवाय कड्यावर नंबर आहे, तोही तोच आहे."

"नंबराचं काय सांगतो? या गावात हिऱ्यावर नाव कोरून देणारे पडले आहेत. पितळेवर पाच आकडे कोरायले किती वेळ लागते?"

मग त्यांनी हिशेब मांडला. दुपारी ते व्हरांड्यात जेवायला बसतात तो अर्धा तास लेन्स यंत्रावरच असते. त्या वेळी खोलीत दोघंच, छोगाजी आणि मी. "छोगाजीवर पंधरा वर्षं संशय घेऊन पाह्यला. काई निघालं नाई." म्हणजे उरलो मी. त्यात फेब्रुवारीत मी आणि बायको किशनपोलच्या एका स्टुडिओत जोडीने फोटो काढायला गेलो होतो. सातारला पाठवायचा होता. मास्तरांना ते कळलं होतं, आणि त्याच स्टुडिओवाल्याने पूर्वी दोनदा त्यांच्याकडे ती लेन्स विकत मागितली होती. ऐकता ऐकता मलाच वाटायला लागलं की मी चोर असावा.

मेची प्रिंटही मऊ आली. त्या संध्याकाळी मास्तरांनी मला एक पत्र वाचायला दिलं. साहेबांच्या नावाने, इंग्रजीत, त्यांच्या सरळसोट अक्षरात. उमेदवार सहायकावर सरकारी मालमत्ता बदलल्याचा संशय आहे, चौकशी व्हावी.

"एक जूनले आखरी प्रिंट काढीन. तेही अशीच आली तर हे पत्र वर जाईन."

"मग मला आधी कशाला दाखवता?"

"चोराले पळायले वेळ द्यावा लागते. पळाला तर समजते ना, कोण होता ते."

चौकशी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. उमेदवारीवरच्या माणसाची चौकशी कोणी करत बसत नाही, त्याला सरळ घरी पाठवतात. आणि चोरीचा शेरा घेऊन घरी आलेल्याला दुसरं कुठलं खातं उभं करणार? बायकोला तेव्हा तिसरा महिना होता. मी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, त्या म्हाताऱ्यानंच विकली असेल. आता निवृत्त होणार, म्हणून तुमच्या गळ्यात घालतोय."

हे मला सुचलं नव्हतं. सुचल्यावर मात्र डोक्यातून जाईना. संशय खरजेसारखा असतो, शेजारी बसलं तरी लागतो. मी मास्तरांवर पाळत ठेवायला लागलो. ते कुठल्या खिशात हात घालतात, कोणाशी बोलतात, संध्याकाळी चांदपोलला सरळ जातात की वळून. एकदा तर मी सायकल हातात धरून त्यांच्या मागे गेलो. ते एका भडभुंज्यापाशी थांबले, चणे घेतले, एक चणा चावून बघितला, बाकीचे परत केले आणि घरी गेले.

मेमधली प्रिंट काढताना मात्र मी एक गोष्ट पाहिली होती. मास्तर वाकून कोपरा वाचत होते, "अमावास्या, घटी एकेचाळीस," आणि पाटावर मला नुसता करडा धूर दिसत होता. एक अक्षर लागत नव्हतं. तेव्हा मला वाटलं, माझे डोळे औषधांनी चुरचुरताहेत. बायकोच्या बोलण्यानंतर वाटलं, म्हातारा मुद्दाम करतोय. चित्र जाणूनबुजून पुसट ठेवतो, वाचल्याचं सोंग करतो आणि बिल माझ्या नावावर फाडतो.

एक जूनला मी ठरवून एक काम केलं. निगेटिव्हच्या त्या पट्टीवर शेजारच्या चौकटीत पंचांगाचं पुढचं पान होतं, शुद्ध पक्षाचं. तेच रकाने, तोच टाइप, पण खालच्या ओळीत पौर्णिमा आणि घटी-पळं वेगळी. पट्टी बसवायचं काम माझं. मी ती एक घर पुढे सरकवली आणि दिवा लावला.

मास्तर वाकले. चाक फिरवलं, पुढे, मागे, पुन्हा पुढे.

"अमावास्या," मास्तर म्हणाले. "घटी एकेचाळीस. पळं नऊ. बस."

आणि त्यांनी चाक सोडलं.

सोंग करणाऱ्याला दिसत असतं, त्याने पौर्णिमेवर असं वाचलं नसतं. त्यांना तिथे अमावास्या दिसत होती. वीस वर्षं पाठ झालेलं पान ते पाटावरून वाचतच नव्हते, डोक्यातून वाचत होते. उन्हात, भिंग हातात असलं की त्यांचं भागत होतं. पण एन्लार्जरच्या अंधुक उजेडात त्यांची नजर केव्हाच गेली होती. पाणी, वीज, चक्कीवाला, जपान, मी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. त्या एका पानावर तेवढा घ्यायचा राहून गेला.

मला काय वाटलं? खोटं कशाला सांगू, आनंद झाला. सुटलो, असं वाटलं. प्रिंट दोरीवर अडकवली आणि चार वाजता मी जिना चढून साहेबांच्या दारात गेलो. मास्टरजींना दिसत नाही, लेन्स तीच आहे, सिद्ध करून दाखवतो, अशी वाक्यं हिंदीत जुळवूनसुद्धा ठेवली होती. दाराबाहेरचा कारकून म्हणाला, "साहब दौरे पर हैं. आठ दिन बाद आएँगे." मी खाली आलो.

दुसऱ्या दिवशी दहाला ऊन आलं. मास्तरांनी प्रिंट उतरवली, भिंग लावलं. ते नेहमी आधी कोपरा बघत. तसाच बघितला. भिंग पुसलं, पुन्हा बघितलं. पुसट का होईना, पौर्णिमा पौर्णिमाच दिसत होती. मला वाटलं आता ओरडतील, पट्टी का सरकवलीस म्हणून. ओरडले नाहीत.

"काल म्या काय वाचलं?" त्यांनी विचारलं.

"अमावास्या."

"मोठ्यानं वाचलं?"

"हो."

ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले. कोटाची वरची दोन बटणं त्यांनी काढली. तशी ती काढलेली मी कधी पाहिली नव्हती. छोगाजी पाणी घेऊन आला, तर त्यांनी न हुंगता प्यायलं. मला तेव्हा माझ्या कालच्या आनंदाची लाज वाटली.

थोड्या वेळाने उठले आणि म्हणाले, "चाल. नियमानं करू."

नियमाने म्हणजे त्यांच्याच नियमाने. लेन्स त्यांनी स्वतः बसवली आणि यंत्राच्या सांध्यावर लाखेचा शिक्का मारला, मधे कोणी बदलू नये म्हणून. त्या अवस्थेतही हे विसरले नाहीत. निगेटिव्ह जुनंच, अमावास्येचं. एक प्रिंट त्यांनी चाक फिरवून काढली, एक मी. पाठीवर खुणा छोगाजीने केल्या. दुसऱ्या दिवशी उन्हात छोगाजीने दोन्ही पिसून त्यांच्या हातात दिल्या. मास्तरांनी भिंग लावलं आणि क्षणात एक उचलली. त्या प्रिंटवर कोपऱ्यातल्या नऊची शेपटीसुद्धा कोरल्यासारखी होती.

"छोगाजी, तू बोल."

छोगाजीने त्याच प्रिंटवर बोट ठेवलं. "आ ही मास्टरजी. दाणो-दाणो न्यारो दीखै छै."

त्यांनी प्रिंट उलटी केली. माझी खूण होती. निकाल त्यांच्याविरुद्ध गेला होता, पण त्यांनी पुन्हा चाचणी मागितली नाही. खिशातून ते पत्र काढलं, त्याचे आठ तुकडे केले आणि केराच्या टोपलीत न टाकता परत खिशात ठेवले. टोपली कोण उपसतं काय सांगावं.

त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने होते. नजर गेल्याचं वर कळलं असतं तर डॉक्टरी तपासणी, आणि नापास शेऱ्यावर घरी. त्या दिवसापासून चाक मी फिरवू लागलो. मास्तर शेजारी उभे राहून विचारत, "बसलं?" मी म्हणे, "बसलं." मग ते छोगाजीला बोलावून विचारत, "हा म्हणते ते खरं आहे का?" मोतीबिंदू काढून घ्या म्हणून मी कितीदा सांगितलं. "डोळ्याचा डाक्टर आधी डोळे मिटायले सांगते. मंग तो काय करते ते कोणी पायलं?" चौदा महिन्यांत माफीचा शब्द नाही, आभाराचा नाही. मधे माझी नोकरी कायम झाली, मुलगी झाली, पेढा दिला. मास्तरांनी तो मला आधी खायला लावला.

शेवटच्या दिवशी चार्ज द्यायचा होता. विभागातल्या वस्तूंची यादी मी तयार केली होती, तीन पानं. मास्तरांनी छोगाजीला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावलं.

"एक विचारू? खरं सांगशीन?"

"विचारा."

"तुले समजलं होतं, मले दिसत नाई ते. माहं पत्र वर गेलं असतं तर तू बुडला असता. मंग तू सायबाकडे काहून नाई गेला? चौदा महिने विचार करून राह्यलो. तुले पाहिजे काय होतं?"

मला चांगुलपणा मिरवता आला असता. पण त्यांच्यासमोर खोटं बोलायची छाती नव्हती.

"गेलो होतो, मास्तर. त्याच दिवशी, चार वाजता. साहेब दौऱ्यावर होते."

मास्तरांच्या चेहऱ्यावर इतकी शांती मी आधी कधी पाहिली नव्हती. कपाळावरच्या सगळ्या आठ्या सुटल्या.

"असं," ते म्हणाले. "असं सांग ना मंग. अन् आठ दिवसानं सायब आले तेव्हा?"

"तेव्हा नाही गेलो."

"काहून?"

"तुम्ही त्या पायरीवर बसला होता, ते आठवायचं."

त्यांनी मान हलवली. मग आतल्या खिशातून फ्लॅनेलची पिशवी काढून माझ्या हातावर ठेवली, पेन उघडलं, यादीच्या तिन्ही पानांवर खाली सह्या केल्या आणि कागद माझ्याकडे सरकवले. एकही ओळ न वाचता. हुकमाची कोरी बाजू वाचणारा हा माणूस, मी लिहिलेल्या तीन पानांवर डोळे झाकून सही करत होता. मी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी पाठीवर थाप मारली आणि छोगाजीबरोबर टांग्यात बसून निघून गेले.

घरी जाताना सायकलवर मला ती शंका आली. दार लावलेलं होतं, खोलीत नुसता पिवळा दिवा होता, भिंग त्यांनी मघाच यादीप्रमाणे माझ्या ताब्यात दिलं होतं, आणि माझं अक्षर बारीक आहे. त्यांनी ती पानं वाचली नाहीत, की त्यांना ती वाचता आली नाहीत? सायकल वळवून त्यांना गाठता आलं असतं, चांदपोल लांब नव्हतं. मी वळवली नाही.